दोन कुलपांची पेटी

१४ ऑगस्ट, गुरुवार
सुट्टी. कपडे भिजवायला घेतले. सवयीने खिसे चाचपले. आबांच्या निळ्या शर्टाच्या खिशात दोन काडतुसं.
बंदूक नेहमीच्या जागी, लोखंडी कपाटामागे, गोणपाटात. काडतुसांची पेटी माळ्यावर असते. माळ्यावर चढायला स्टूल लागतं. म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस स्टुलावर चढला, दोन काढली, खिशात घातली, आणि शर्ट धुवायला टाकला?
आई जाऊन चौथा महिना. चार महिने हा माणूस जेवतो, पेपर उघडून बसतो, बोलत नाही.
काडतुसं तूरडाळीच्या डब्यात खुपसली. आबा बाहेर ओट्यावर बसलेले. मी विचारलं, चहा ठेवू का? "ठेव," म्हणाले. एवढंच विचारलं.
राग. दुसरं काही नाही, राग.

१५ ऑगस्ट
महेशला फोन. निगडीत सोसायटीचं झेंडावंदन होतं, मागे लाउडस्पीकर. सगळं सांगितलं. म्हणाला, "ताई, विसरले असतील गं. साफ करताना ठेवली असतील खिशात."
साफ करताना काडतुसं कशाला लागतात रे, शहाण्या? बंदूक साफ करायला तेल आणि चिंधी लागते. सख्खा बाप पंधरा वर्षं मिलिटरीत, नंतर बँकेच्या दारात ही दुनळी घेऊन उभा राहिला, आणि पोराला एवढंही माहीत नाही.
"मग पोलीस स्टेशनला जमा करून टाक. नाहीतर ऑनलाइन तिजोरी मिळते, लिंक पाठवतो."
पाठवली. उंटावरून शेळ्या हाकायला याच्याइतका हुशार माणूस अख्ख्या निगडी-प्राधिकरणात नसेल.

१७ ऑगस्ट
जेवताना विषय काढला. आबा, बंदूक जमा करायची का? आता काय उपयोग तिचा.
ताटातून वर न बघता म्हणाले, "म्या मेल्याव कर."
मी ताट बाजूला सरकवलं. त्यांनी मात्र भात मागून घेतला.

१९ ऑगस्ट
सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी चिंचवडला दुकानात जाऊन आले. बंदुकीसाठी उंच तिजोरी आहे एक. बोटाने टकटक केली तर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी वाजली. बिजागरी बाहेरून, तीही नुसती टाके मारलेली. आमच्या लाइनवर असं वेल्डिंग कोणी मारलं तर सुपरवायझर तो पीस त्याच्या गळ्यात बांधून फिरवेल.
माझी मी करणार. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या चेसिस जोडल्या, घरासाठी एक खोकं जमणार नाही?
आबांना सांगितलं, कॉलनीत चोऱ्या वाढल्यात. धडधडीत खोटं. ते "हूं" म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले जरा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
भोसरीहून चार एमएमचा पत्रा, मापात कापून. टेंपोवाल्याने शेडमध्ये उतरवला आणि विचारतो, "ताई, मिस्त्री कधी येणार?"
म्हटलं, आलाय. तुझ्यासमोर उभा आहे.
तो हसला. मी हसले नाही.
ही शेड आईने हट्टाने बांधून घेतली होती. मी सासर सोडून आले तेव्हा. "पोरीला स्वतःची जागा पायजे," म्हणाली. तेव्हा आबा म्हणाले होते, बाईमाणूस घरात वेल्डिंग मारणार, लोक काय म्हणतील. लोकांनी खिडकीच्या जाळ्या करून घेतल्या माझ्याकडून, दुसरं काय.

२४ ऑगस्ट
नासवली. दरवाजाची चौकट नासवली.
आज सकाळी आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, उठवलं तरी उठेनात. तशीच शेडमध्ये गेले. मशीन चालू केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात टाका ओढला. शिकाऊ पोरंही करत नाहीत हे. थोडं इकडे मारायचं, मग समोरच्या बाजूला, पत्र्याला थंड होऊ द्यायचं. नाहीतर तो ओढ खातो. मी स्वतः शिकवते हे लाइनवर. चौकट पिळली, दरवाजा बसेना. हातोडा फेकला.
आवाजाने आबा आले. चार महिन्यांत पहिल्यांदा शेडच्या दारात. चौकटीकडे बघितलं. म्हणाले, "रागात मारलंस न्हवं?"
म्हटलं, हो. रागातच.
"कुणाचा एवढा राग?"
तुमचा! असं ओरडायचं होतं. म्हटलं, पत्र्याचा.
ते स्टूल ओढून बसले. मी ग्राइंडर लावून सगळे टाके उडवले, ते बघत होते. उठून गेले नाहीत. जेवायची वेळ झाली तरी.

२७ ऑगस्ट
गणपती. आपल्याकडे यंदा नाही, सुतकाचं वर्ष. शेजारच्या पाटलांकडची आरती खिडकीतून ऐकली. आई टाळ्या कशी वाजवायची, तालाच्या जरा पुढे. आबांनी टीव्ही लावला मोठ्याने. बातम्या. कोणाला ऐकायच्या होत्या?

२८ ऑगस्ट, गुरुवार
महेश आणि त्याची बायको प्राची मोदक घेऊन आले. महेश पेटीभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले. "ताई, भारी! याला बोटाच्या ठशाचं लॉक टाकू. आबांचा ठसा, माझा ठसा."
आबांचा ठसा. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच बोटावर किल्ली. शेडमागे नेऊन झापला. तेव्हा कुठे चेहरा उतरला. म्हणाला, "ताई, तुला खरंच तसं वाटतं?" मी म्हटलं, तुला वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटतं गं. म्हणून तर मी तसं वाटू देत नाही स्वतःला."
हे एक खरं बोलला. तरी राग आहेच.
मग म्हणाला, किल्ली मग माझ्याकडे ठेव, निगडीला. म्हणजे आबा वयात न आलेलं पोर आणि हा पालक! नाही म्हटलं. त्यांचा मान काढून घ्यायचा नाही मला. बंदूक एकट्याच्या हाती पडू द्यायची नाही, एवढंच.
जाताना प्राचीने हात धरला. बरं वाटलं.

२ सप्टेंबर
सुचलं! प्रेसवर मेंटेनन्सची माणसं काम करत होती, बाजूला उभी होते. मशीनच्या मेन स्विचला भोकाभोकांची कडी, आणि तिच्यात चार लाल कुलपं. नियम साधा: मशीनमध्ये जो हात घालतो तो आपलं कुलूप लावतो, किल्ली आपल्या खिशात. काम झालं की आपलं कुलूप आपण काढायचं. एक जरी कुलूप लटकत असेल तर मशीन सुरू होत नाही. दुसऱ्याचं कुलूप मॅनेजरच्या बापालाही काढता येत नाही.
पेटीला तशीच कडी. दोन भोकं. एक आबांचं, एक माझं. दोघं समोर असलो तरच उघडणार.

७ सप्टेंबर
कडी झाली. छान झाली, म्हणायला हरकत नाही. दरवाजाही आता लोण्यासारखा बसतो. दोन कुलपं आणली. आबांना समजावून सांगितलं, कंपनीत कसं असतं वगैरे.
शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी माज्या बंदुकीला तुजं कुलूप."
म्हटलं, दोघांची कुलपं, आबा.
"म्या फौजी हाय. चोर न्हाई." कुलूप माझ्या पायाशी टाकलं आणि आत गेले.
तळपायाची आग मस्तकात गेली. मीही ओरडले मागून. काय ओरडले ते लिहीत नाही. पाटलीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

१० सप्टेंबर
अबोला. ताट वाढते, ते जेवतात. बंदूक अजून कपाटामागे. माळ्यावरची काडतुसं, डाळीतली दोनही, मी केव्हाच शेडमधल्या माझ्या अवजारांच्या पेटीत हलवली. तरी कामावर जीव लागत नाही. दर ब्रेकला शेजारी फोन: पाटीलकाकू, आबा ओट्यावर आहेत का? "आहेत गं, मघापासनं कावळ्याला चपाती टाकतायत." दरवेळी हुश्श होतं आणि दरवेळी संताप येतो.

१३ सप्टेंबर
फर्स्ट शिफ्ट करून घरी आले. शेडचं दार उघडं. कपाटामागे बघितलं, गोणपाट रिकामं. शेडमध्ये धावले.
बंदूक पेटीत. दरवाजा लावलेला. एका भोकात आबांचं कुलूप. दुसरं भोक मोकळं.
आबा आत झोपले होते. नुसते दुपारचे झोपले होते, घोरत.
माझं कुलूप लावलं. मग आठवलं, काडतुसांची पेटी आत ठेवायची राहिली. दोन्ही उघडायला हवीत, म्हणून त्यांना उठवलं. वैतागले. तरी आले.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आबा: "दमट हवा हाय, गंज चढंल. उघड. तेल द्यायचंय."
उघडली. काडतुसं मी आधी हातात घेतली. त्यांनी पाहिलं ते. खाली सतरंजी टाकून बसले, नळ्या पुसल्या, चिंधी ओढली. हात कापतात आता. मी दारात उभी.
"जा, च्या ठेव."
नाही ठेवत.
वर बघितलं. मी हलले नाही. मग पुसत राहिले बराच वेळ. पुसून झाल्यावर स्वतः बंदूक आत ठेवली, कुलूप लावलं. मी माझं लावलं. चहा त्यांनी ठेवला. साखर विसरले. तसाच प्यायले मी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कंपनीत सकाळी रोबोटांना झेंडूचे हार, पेढे. लवकर सुटलो.
घरी महेशचा फोन: यंदा पूजा नको हं ताई, वर्ष व्हायचंय. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "हत्याराला सुतक न्हाई," म्हणाले आणि ठेवून दिला. एवढं ठणकावून किती दिवसांनी बोलले.
पाट मांडला. माझा वेल्डिंगचा होल्डर, हातोडा, ग्राइंडर. दोघांनी कुलपं काढली, बंदूक पाटावर. मी हळद-कुंकू घेऊन येते तर आबांनी स्वयंपाकघरातून आईची विळी आणून पाटावर ठेवलेली. बंदुकीच्या शेजारी. तिच्या खवणीवर अजून नारळाचा कीस वाळलेला.
मग मला राहवेना. हळदीचं बोट तसंच. म्हटलं, आबा, त्या दिवशी खिशात काडतुसं कशाला होती?
ते विळीकडेच बघत होते. म्हणाले, "एवढं इचारायला दीड म्हैना लावलास?"
मी हळदीची वाटी खाली ठेवली.
"आजार रेड्याला आन् औषध पखालीला. पोरी, तू पेटी करत बसलीस."
असला संताप आला! माझे हात भाजले, खांदा धरला, चौकट दोनदा जोडली, आणि हा माणूस! पण खरं होतं. पत्रा मापला, कापला, जोडला, पण तोंड उघडून एक वाक्य विचारलं नाही. न विचारणं आमच्या घराण्यात चालत आलंय. आईला छातीत दुखत होतं तेव्हाही कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.
म्हटलं, मग आता विचारते. जायचं होतं का तुम्हाला?
"व्हय. त्या दिशी व्हतं."
मी रडले. ओरडत रडले. मला सोडून? मी काय उकिरड्यावर सापडले का? ते घाबरले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, तेलकट हात. मी विचारलं, मग शर्ट धुवायला का टाकलात तसाच? म्हणाले, "काय म्हाईत. तू खिसं बगतीस हे ठावं व्हतं."
निरांजन विझलं.
विचारलं, अजून वाटतं?
"आज न्हाई. उद्याचं म्या कशाला सांगू? उद्याचं उद्या इचार."

२ ऑक्टोबर, दसरा
पोलीस स्टेशनला जमा करू, पुन्हा म्हटलं. "बगू," म्हणाले. मेल्यावर कर, असं नाही म्हणाले. डॉक्टरकडे यायला तयार आहेत, पण पाटलांना ब्लडप्रेशर सांगायचं. महेशला कळवलं, आबांना काडतुसांचं विचारलं, जायचं होतं म्हणाले. त्याने फोन ठेवला. नंतर एकटाच आला, सोनं द्यायला. आबांच्या पायाशी बसून राहिला, मोबाइल न काढता. डॉक्टरकडे गाडीने तोच नेणार, म्हणाला.
दुपारी विचारलं. आबा, आज?
"सणासुदीचं इचारतीस?"
हो. आज?
"आज न्हाई."

३ ऑक्टोबर
सेकंड शिफ्ट. निघताना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "जरासं. सकाळी व्हतं. आता न्हाई." मी पर्स खाली ठेवली, सुपरवायझरला फोन केला, आज येत नाही. कारण काय? म्हटलं, घरी काम चालू आहे.
दिवसभर ओट्यावर बसलो दोघं. मी चिडलेलीच होते. तेही. कावळ्यावरूनही भांडलो, चपाती जास्त टाकता म्हणून.
उद्यापासून फर्स्ट शिफ्ट, पहाटे बस. झोपलेले असतील. उठवून विचारणार.