बोलोन्यातलं बंद दुकान

दम्माम,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

अहो,

नमस्कार. तब्येत बरी ना? मी ठणठणीत आहे. पारूवन्संना नमस्कार सांगा आणि त्यांच्या गुडघ्याचं मलम सुबोधच्या बॅगेत आहे, तेही सांगा. सुबोध म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधला, साखरप्याचा. गेल्या वर्षी तुमच्याकडून काजू घेऊन आला होता तो. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही चष्मा शोधता शोधता म्हणालच. तुम्ही फोनचा स्पीकर लावता म्हणून. मी इथून 'अहो' म्हटलं की तिकडून वन्सं आणि शेजारचे अण्णासाहेब एकदम 'काय गं नंदा' म्हणतात. एकोणीस वर्षांत फोनवर आपण दोघंच असे कितीदा बोललो, सांगा बघू! तेव्हा हे पत्र एकट्याने वाचायचं. मास्तरांची खोड आहे तुम्हाला, म्हणून आधीच बजावते, मोठ्याने वाचायचं नाही.

आता कबुली. गेल्या आठवड्यात मी रियाधला ट्रेनिंगला गेले नव्हते. 'मलाझच्या ऑफिसात आहे, रेंज येत नाही' वगैरे सगळं खोटं होतं. मी इटलीला गेले होते. बोलोन्या नावाच्या शहरात, चार दिवस, उझमाबरोबर.

ओरडून झालं? बरं, पुढे वाचा.

उझमा तुम्हाला माहीत आहे, फार्मसीतली, हैदराबादची, ईदला आपल्याला खुबानी पाठवते ती. तिला कधीपासून कुठेतरी जायचं होतं आणि एकटीला जायचं नव्हतं. मी हो म्हटलं. तुम्हाला का सांगितलं नाही ते सांगते, पण आधी शहर तर बघा.

बत्तीस वर्षं तुम्ही फळ्यावर बूट काढून पोरांना इटली शिकवलीत आणि स्वतः रत्नागिरीच्या पुढे जायचा कंटाळा करता. तर बोलोन्या त्या बुटाच्या वरच्या भागात आहे. अख्ख्या शहराला पडवी आहे हो! रस्त्याच्या दोन्ही कडांना घरांचे वरचे मजले पुढे आलेले आणि खाली खांब. धो धो पाऊस होता आणि आम्ही छत्री न उघडता मैलभर फिरलो. दोन उंच मनोरे आहेत, त्यातला एक इतका कललाय की तुम्ही लगेच ओळंबा मागवला असतात. उझमा प्रत्येक हॉटेलात 'नो पोर्क? शुअर?' असं तीनदा विचारायची. शेवटी दोघी चार दिवस चीज आणि टोमॅटोवर जगलो. आणि जिना चढताना माझा हात सारखा पायघोळ अबाया उचलायला जायचा. अंगात पँट! उझमाने त्याचा व्हिडिओ काढलाय, तो तुम्हाला मिळणार नाही.

शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला एका गल्लीत बुटांचं दुकान दिसलं. काचेत तपकिरी चामड्याचे, नाडीवाले बूट. म्हटलं, यांना हेच घ्यायचे. जन्मभर बूट शिकवला, एकदा पायात घालू देत. आम्ही दारापर्यंत पोचलो आणि म्हाताऱ्या दुकानदाराने धाडकन शटर ओढलं. हात हलवून काहीतरी म्हणाला आणि निघून गेला.

आम्ही काय केलं असेल? शेजारच्या पायरीवर बसलो. इथे दम्मामला नमाजाची वेळ झाली की शटर खाली, अर्ध्या तासात परत वर. किराणावाला, औषधवाला, शिंपी, सगळ्यांच्या दारात आम्ही वर्षानुवर्षं असंच बसलोय. हल्ली बरीच दुकानं उघडी राहतात, पण सवय जाते थोडीच! उझमा म्हणाली, "आज जुम्मा है, थोडा टाइम लगेगा." मीही मान डोलावली, हो, जुम्मा आहे. अशा पाऊण तास बसलो.

मग समोरच्या चर्चची घंटा वाजली. उझमाने माझ्याकडे बघितलं. "नंदा, हम किस इमाम का इंतजार कर रैं?"

देवा रे! हसून हसून पोट दुखायला लागलं. उठून बघतो तर शटरवर चक्क पाटी, साडेतीनला उघडणार. तिथे दुपारी घरी जाऊन जेवतात आणि झोपतात. तुमचंच गाव ते.

खरं तर उठून दुसरीकडे जायचं. पण पायात त्राण नव्हतं आणि पिशवीत संत्री होती, म्हणून पुन्हा तिथेच टेकलो. उझमा संत्र्याच्या शिरा काढत होती. काढता काढता म्हणाली, "तेरा इकामा तो इकतीस दिसंबर को खतम है ना? फिर व्हिसा कैसे मिला तेरे को? मेरे को तो बोले, लौटने के बाद तीन महिने का इकामा होना."

मी संत्र्याची सालं गोळा करायला लागले.

अहो, इतकी पानं मी मनोरे आणि पडव्या सांगत बसले, कारण हे सांगायची हिंमत होत नव्हती. सप्टेंबरमध्ये मी दोन वर्षांच्या नव्या करारावर सही केली. इथे राहायचा परवाना, तो इकामाही वाढला. आपलं ठरलं होतं तशी एकतीस डिसेंबरला मी कायमची परत येत नाहीये. हे लपवायचं म्हणून इटलीही लपवली.

सही केल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही खोलीचा फोटो पाठवलात. पिस्ता रंग दिलात, खिडकीजवळ माझ्यासाठी खुर्ची ठेवलीत. मी 'छान' एवढंच लिहिलं आणि ड्युटीवर जाऊन बाथरूममध्ये रडले. नंतर रोज वाटायचं, आज सांगू. रोज तुम्ही स्पीकर लावायचात आणि मला तेवढं निमित्त पुरायचं.

पैशासाठी राहिले असं सांगितलं असतं तर तुम्ही मानलंही असतं. पण तसं नाही. आपल्या सानिकाला पुण्यात नोकरी लागली, घराचा स्लॅब घालून झाला, आता इथे राहायला कारण उरलेलं नाही. मी घाबरले, हे खरं कारण आहे.

वर्षाला चाळीस दिवस मी देवरुखला येते. चाळीस दिवस तुम्ही माझ्यासाठी सुरमई आणता, वन्सं मला ताट उचलू देत नाहीत, कोणी आवाज चढवत नाही. मी पाहुणी असते हो! गेल्या मे महिन्यात मी एकदा आमटी करायला गेले तर मिठाचा डबा सापडेना. चार फळ्या धुंडाळल्या. शेवटी वन्संना हाक मारली. त्या हसून म्हणाल्या, "अगं, तो पाच वर्षांपूर्वीच खाली ठेवला." त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना बोल लावू नका. आईंचं सगळं त्यांनी केलं, सानिकाला वाढवलं. पण माझ्या स्वयंपाकघरात मला मीठ विचारावं लागलं. इथे डायलिसिसच्या वॉर्डात माणसं मशीनवर झोपायच्या आधी 'सिस्टर नंदा कुठेय' म्हणून विचारतात. तिथे येऊन मी कोण होऊ, हे मला कळेना. आणि एक्केचाळिसाव्या दिवशी तुम्हाला मी आवडेन का, तेही कळेना.

हे सगळं मी त्या पायरीवर उझमाला सांगितलं. ती बया शांतपणे संत्रं खात होती. म्हणाली, "मियाँ को बोली?" मी म्हटलं, नाही. "तो मेरे को कायको बोल रई? मैं तेरा मियाँ हूँ क्या?" मग माझे डोळे तिच्याच ओढणीने पुसले आणि म्हणाली, "खत लिख. फोन पे तू झूठ बोलती."

साडेतीनला दुकान उघडलं. आम्हाला तिथेच बघून म्हातारा चकितच झाला. प्रेमाने आत नेलं, तेच तपकिरी बूट काढले आणि बोटाने विचारलं, नंबर किती?

मला सांगता येईना.

वॉर्डातल्या अठरा जणांची वजनं मला ग्रॅमपर्यंत पाठ आहेत. कोणाला कुठली सुई टोचते, कोणाला उजव्या कुशीवर झोप लागते, सगळं येतं. आणि नवऱ्याच्या पायाचा नंबर? मी हाताने लांबी दाखवली, मग जरा कमी केली, मग वाढवली. तो बिचारा जोडावर जोड काढत राहिला. शेवटी बूट न घेताच बाहेर आले. उझमा माझा हात धरून चालली.

म्हणून तुमच्यासाठी बूट आणलेले नाहीत. चीज आणलंय, ते वन्संना देऊ नका, वासाने त्या घर सोडतील.

आता माझं मागणं. एकोणीस वर्षांत तुम्ही एकदाही इथे आला नाहीत. आधी आईंचं आजारपण, मग शाळा, मग आंबा. आता आई नाहीत, शाळा नाही, आणि आंब्याला अवकाश आहे. मी हॉस्पिटलच्या क्वार्टर्स सोडल्या. दोन खोल्या घेतल्यात, किल्ली कालच मिळाली. व्हिजिट व्हिसाचे कागद सुबोधजवळ आहेत. नव्वद दिवस या. माझ्या हातचं रोज खा, मी ड्युटीवरून चिडून आले की माझी चिडचिड बघा, भांडायचं असेल तर मनसोक्त भांडा. नव्वद दिवसांनी तुम्ही 'चल' म्हणालात तर दोन महिन्यांची नोटीस देईन आणि फायनल एक्झिट घेऊन तुमच्यामागून येईन. मग पिस्ता रंगाच्या खोलीत बसेन, नाहीतर तुम्ही सांगाल तिथे. मात्र तुम्हाला राग आला असेल आणि यायचं नसेल, तर तसं पत्रातच लिहा. फोनवर सगळ्यांसमोर मला ऐकवणार नाही.

पायाचं माप कागदावर काढून पाठवू नका. पायच घेऊन या.

नव्या स्वयंपाकघरात अजून काही नाही. आज पहिला डबा ठेवला, मिठाचा. शेगडीच्या उजवीकडे, खालची फळी. तुम्हाला कोणाला विचारावं लागू नये.

वाट बघणारी, आणि चाळीस दिवसांहून जास्त तुमची,
नंदा