पहिल्या चाचणीआधी

ती. बाबा, तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. इथला मोटारींचा कारखाना अगदी नवा आहे, त्यामुळे आपल्यासारख्या बाहेरच्या पुरवठादारांना खूप वाव आहे. आपले ब्रेक त्यांना आवडलेत.

फक्त त्यांची एक रीत आहे. ज्याचे ब्रेक, त्यानेच पहिल्या चाचणीला गाडीत बसायचं, तेही घाटाच्या उतारावर! मी हसत हो म्हणाले, पण तेव्हापासून त्या घाटाची वळणंच मोजतेय. "घाबरू नका ताई, मलाही पोरंबाळं आहेत," असं ड्रायव्हरकाका म्हणाले खरे, पण बोलता बोलता त्यांनीच गाडीतल्या गणपतीला दोनदा हात जोडले.

आईला यातलं काही सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत?

पत्र पोचेल तोवर चाचणी उरकलेली असेल, तरी विचारते. बाबा, हे ब्रेक तुम्ही तपासलेत, तेव्हा तुमचा चष्मा दुरुस्तीहून परत आला होता ना?

तुमची,
धाकटी