रुख्सानाचं शिफारसपत्र

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

आज चहात साखर टाकायची राहिली; मराठवाड्याच्या अनुशेषात तेवढीच भर. खरं तर भीती लपवायला हा विनोद लिहायलोय.

माझी गणिताची विद्यार्थिनी, देगलूरची रुख्साना, परदेशात संख्याशास्त्रातल्या पीएच.डी.साठी अर्ज करतेय. सवयीनं शिफारसपत्रात लिहिलं: ‘आज्ञाधारक, वर्तणूक चांगली.’

वाचून म्हणाली, “सर, हे सोयरिकीला लई चालंल. तिकडं डोकं बघतेत.”

आज्ञाधारक! त्या एका शब्दानं पोरीचं दार बंद झालं असतं तर? आधी किती जणांना हेच लिहून दिलं, आठवायचीही भीती वाटते.

उद्या शेवटची तारीख. पत्र नव्यानं लिहिलं: ‘दुसऱ्या वर्षी हिनं माझ्या फळ्यावरच्या सिद्धतेतली चूक दाखवली. मी वर्गात हिलाच गप्प बसवलं. बरोबर हीच होती.’

सही करून पाठवलं.