पूर्ण वाक्यातला जबाब

बाबा, आज वर्गात एका मुलीने विचारलं, माणूस शब्दाला शब्द जोडायला शिकला तरी कशासाठी? मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू सांगितल्या. काही म्हणतात, मेंदूत एकदाच काहीतरी बदललं आणि वाक्य जन्माला आलं. काही म्हणतात, हातवाऱ्यांतून, हाकांतून, हजारो पिढ्या घासून घासून ते घडलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही गेली वीस वर्षं झालेलं नाही, पण मला निदान त्याचा पगार मिळतो.

तुम्ही हडपसरच्या चौकीत रायटर होतात, लोकांचे जबाब लिहून घ्यायचात. अर्धवट बोलणं तुम्हाला खपत नसे, आणि ती शिस्त तुम्ही पट्ट्यासकट घरी आणलीत. मी आठवीत आहे. शाळा बुडवून मैत्रिणींबरोबर खडकवासल्याला गेले, ते तुम्हाला कळलंय. स्वयंपाकघरात कणकेची परात पालथी पडली आहे, आई दाराआड उभी आहे आणि तुम्ही मारताय. मी नुसतं "चुकलं" म्हणते. पट्टा पुन्हा बसतो. "पूर्ण सांग. कोणी, काय, कशासाठी." बकलाने भुवई फुटते, रक्त डोळ्यात उतरतं, तरी मी कर्त्यापासून कारणापर्यंत सगळं नीट लावून सांगते, तेव्हा कुठे तुम्ही थांबता. मग पट्टा कमरेला बांधत म्हणता, "तुला वळण लागावं म्हणून मारलं." कुत्रीही एकमेकांना फाडतात, पण पुढे "म्हणून" लावायला माणूसच लागतो. वाक्यरचनेवरचा माझा प्रबंध मला तिथेच सुचला असावा. मी तुमचा मनापासून द्वेष करत होते, आणि बोलत मात्र होते तुमच्यासारखंच नेटकं.

मग तुम्हाला पक्षाघात झाला. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द जुळत नाहीत. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही म्हणालात, "पाणी." मी भांडं हातात धरलं आणि म्हणाले, "पूर्ण सांगा." तुम्ही प्रयत्न केलात. पाणी, मी, पाणी. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी भांडं मागे घेतलं. तुम्ही चांगला हात पुढे केलात, तो मी पकडला आणि मुरगळला, बोटं पांढरी पडली तरी सोडला नाही. मला बरं वाटत होतं. तुमचं ओरडणं ऐकून नर्स धावत आली. मी म्हणाले, "ते सलाईन ओढत होते म्हणून मी हात धरला." एका दमात, न अडखळता. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. ते खोडून काढायला तुमच्याकडे वाक्य नव्हतं.

नर्सने तुम्हाला पाणी पाजलं आणि तो हात पलंगाच्या दांडीला बांधला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात, तेव्हाही तो बांधलेलाच होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: ते दोन दिवस मी तिथेच, तुमच्या उशाशी बसून होते. नर्सला "सोडा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं नाही.