सपाटीला लावलेली गाडी

मोखाडा

श्री. तुळशीदास यांस,

भावेशभावजी सांगत होते, नव्या संसारासाठी गाडी न्यायला तुम्ही रविवारी नाशिकहून येताय. न्या.

बॅटरी कायम उतरलेली, म्हणून आपण गाडी उतारावरच लावायचो, चाकाखाली दगड देऊन. तुम्ही स्टिअरिंगवर बसायचात. दगड मी काढायचे, ढकलायचे मीच, आणि सुरू झाली की पळत येऊन बसायचे.

तुम्ही गेल्यावर मी गाडी शिकले. माझ्या पगारातून नवी बॅटरी घातली. ती काल काढून घेतली आणि जुनीच परत जोडली. गाडी शाळेच्या मैदानात, अगदी सपाटीला उभी आहे. येताना तुमच्या नव्या पत्नींनाही घेऊन या.

हे पत्र टाकत नाही. चावी फिरवाल तेव्हा कळेलच.

पुष्पलता