पुदिन्याचा अर्क

मंगळवार, संध्याकाळ. बिबवेवाडी, दवाखान्यातून.

वही मांडीवर ठेवून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सर्दीनं इराचं नाक चोंदलं होतं. पाच महिन्यांचं बाळ, दूधही ओढता येईना. सासूबाईंनी तिच्या नाकाखाली पुदिन्याचा अर्क लावला. लगेच तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. रिक्षात मी नुसती तिचं नाव घेत होते.

डॉक्टर म्हणाले, "मोठ्यांची गोष्ट वेगळी. तान्ह्या बाळाच्या नाकापाशी इतका उग्र वास नेऊसुद्धा नये."

तिला ऑक्सिजन लावला. आम्ही दोघी बाहेर बाकावर. तो वास माझ्या ओढणीला, हातांना, सगळीकडे. वाचेल ना ती?

"आमच्याकडे वर्ध्याला सगळ्याच लेकरांना लावत," सासूबाई पुटपुटल्या. मला ओरडायचं होतं. मी हात ओढणीला पुसत राहिले.

शेवटी नर्स आल्या. "श्वास नीट चाललाय आता. भुकेनं रडतेय, पाजायला या."

मी उठले. सासूबाई बसूनच राहिल्या. "तू जा. मला आता तिला हात लावायची भीती वाटते."

असं नका म्हणू, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

एकटीच आत गेले.