दहा सूचकांच्या सह्या

२ फेब्रुवारी, सकाळी ७
निर्णय झाला. लोकसभा नको. मागच्या वेळी पक्षानं तिकीट दिलं नाही ते बरंच झालं. वीस लाख मतदार, एप्रिलचं ऊन, आणि आत गेल्यावर नुसता आरडाओरडा. आपला पिंड वरिष्ठ सभागृहाचा. फुलंब्रीच्या शाळेत सत्तावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं ते काय उगाच? राज्यसभेला जनता मत देत नाही, आमदार देतात. यंदा सात जागा, २८८ आमदार. सदतीस मतं पडली की खासदार, तेही सहा वर्षं. पक्षाच्या साहेबांचे पीए इंद्रजीत स्वतः फोनवर म्हणाले, "सर, तुमचं नाव डोक्यात आहे." कुणाच्या डोक्यात, ते विचारायचं राहिलं.
रत्नमालाला सांगितलं. म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, छातीत गाठ लागतीय हाताला. म्हटलं, निवडणूक झाली की लगेच दाखवू.

९ फेब्रुवारी
गुलमंडीवरून जाकीट शिवून आणलं. दिल्लीत थंडी असते. आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस. लोकसभेत 'अध्यक्ष महोदय', राज्यसभेत 'सभापती महोदय'. इथं चुकलो तर संपलं. रत्नमाला दारात उभी राहून ऐकत होती. विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, छान. मला नेताल का दिल्लीला? म्हटलं, खासदाराच्या बायकोला रेल्वेचा पास असतो. लई हसली. पुष्कळ दिवसांनी.

१६ फेब्रुवारी, दुपारी
उद्या तिला हॉस्पिटलात तपासणीची तारीख. गाठीतला तुकडा काढणार. नेमका आजच इंद्रजीतचा फोन. मुंबईला या, फॉर्मवर दहा आमदारांच्या सूचक म्हणून सह्या लागतात. तिला समजावलं, सूचक नसतील तर फॉर्मच बाद होतो. म्हणाली, "जाऊन या. मी वैजापूरहून गोकुळला बोलावते." मेहुणा असावा तर गोकुळसारखा.

१९ फेब्रुवारी, मुंबई
आठ सह्या झाल्या. एक आमदार जिन्यात गाठला, एक न्हाव्याच्या खुर्चीत. उमेदवाराच्या नावाची जागा कोरी आहे. इंद्रजीत म्हणाले, नाव नंतर टाइप होतं. एका आमदारानं विचारलं, "उमेदवार कोण?" मी नुसता विनयानं हसलो. तो म्हणाला, "तुम्हालाबी माहीत नाय का?"

२० फेब्रुवारी
दहा पूर्ण! त्याच आनंदात असताना पुण्याहून अपेक्षाचा फोन. रिपोर्ट वाईट आला. ऑपरेशन २६ ला, ती आईकडं निघालीय. म्हणाली, "पप्पा, तुम्ही या. फॉर्मवर नवऱ्याची सही मागतायत." २६ लाच इथं अर्ज भरायचाय. म्हटलं, भावाची सही चालते. तिकडून फोन कट झाला. रेंज नसावी.

२६ फेब्रुवारी
नाव टाइप झालं. दुसऱ्याच राज्यातला कुणी तरुण उद्योजक. कायद्यानं चालतं. राज्यसभेला देशात कुठलाही मतदार कुठूनही उभा राहू शकतो, मी स्वतः पोरांना हे सांगायचो. फाइल मीच हातात घेऊन त्याच्या मागं चाललो. त्यानं मला थँक्यू म्हटलं. इंद्रजीत म्हणाले, "सर, तुमच्यामुळं दहा सह्या झाल्या." हे साहेबांच्या लक्षात राहीलच.
अजून बारा जागा राष्ट्रपती भरतात. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा. सातवीचं गाइड मीच लिहिलंय.
ऑपरेशन झालं म्हणे. नीट.

३ मार्च, घरी
सात जागा, सातच अर्ज. सगळे बिनविरोध. मतदानच नाही, म्हणजे तसा मी हरलोही नाही.
रत्नमाला पलंगावर. एवढीशी दिसते. विचारलं, "झालात का?" खोटं तोंडावर आलं होतं. "नाही" म्हटलं. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "जाऊ द्या. मग आता केमोला तुम्ही येताल ना सोबत? मला त्याची लई भीती वाटती."
म्हटलं, हे काय विचारणं झालं!
हॉस्पिटलात डॉक्टर गोकुळला म्हणाले होते, थोडं आधी यायला पाहिजे होतं. गोकुळ मला म्हणाला, "दाजी, तिला सांगू नका." तो माझ्याकडं बघत नव्हता.

२४ मार्च, सकाळी ८
आज पहिली केमो. साडेदहाची वेळ. मी सातलाच तयार.
इंद्रजीतचा फोन. नवे खासदार, म्हणजे तोच उद्योजक, नऊच्या विमानानं येतायत, स्वागताला जुना माणूस पाहिजे. चिकलठाण्याचं विमानतळ तसं वाटेवरच आहे. हार घालायचा आणि निघायचं. अर्धा तास. रत्नमालाला सांगितलं, तुम्ही पुढं व्हा, मी साडेदहाच्या आत पोचतो. तिनं पदर नीट केला आणि गोकुळच्या गाडीत बसली.

२४ मार्च, संध्याकाळी
विमान दोन तास लेट. नंतर मिरवणूक. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा चार वाजले होते. नर्स म्हणाली, त्या अकरापर्यंत थांबल्या, आत यायलाच तयार नव्हत्या. मग मुलगी हात धरून घेऊन गेली.
घरी कुलूप. शेजारच्या लक्ष्मीबाईंनी चावी दिली. सगळे वैजापूरला गेलेत. कपाटात तिच्या साड्या नाहीत. चार दिवस माहेरी आराम मिळेल, चांगलंच आहे.
फोन लावला. अपेक्षानं उचलला. म्हणाली, आई झोपलीय.
मागून रत्नमालाचा आवाज आला, "कोण हाय गं?"
अपेक्षा म्हणाली, "कुणी नाय."